बीम टेलिस्कोपसाठी पिक्सेल किती बारीक हवा? आधी बीम कुठला ते ठरवा

प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे मधूनच वाचायला आलेल्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे मुंबईत पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आहेत, त्यांच्या ग्रुपला स्वतःचे छोटे सिलिकॉन सेन्सर टेस्ट करायचेत आणि त्यासाठी पिक्सेल डिटेक्टरचा एक टेलिस्कोप उभा करायचाय, म्हणजे कणांच्या बीमच्या (झोताच्या) वाटेत एकामागे एक ठेवलेले सेन्सरचे थर, जे कणाचा मार्ग (ट्रॅक) मोजतात. अशा प्रत्येक थराला प्लेन म्हणतात. सीनियर सांगतायत की ५५ मायक्रॉनवाला चिप घेऊ नका, ३० च्या खालचाच घ्या, जितका बारीक तितकं चांगलं. शिवाय तीन प्लेन पुरतील का सहा लागतील, आणि हे सगळं कुलाब्याच्या पेलेट्रॉन या कण-त्वरकावर टेस्ट करता येईल का, असे आणखी दोन प्रश्न आहेत.

मी बरीच वर्षं टेस्ट बीमचंच काम करतेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. सीनियरचं म्हणणं चूक नाही, पण अर्धवट आहे. टेलिस्कोपमध्ये पिक्सेलचा आकार ही शेवटची गोष्ट ठरवायची असते, पहिली नाही. तुम्हाला हवंय काय? तर ज्या सेन्सरची परीक्षा घ्यायची आहे, ज्याला आम्ही डीयूटी म्हणतो, त्याच्यावर कण नेमका कुठे आपटला हे बाहेरून सांगता आलं पाहिजे. त्या अंदाजातली चूक किती, हा एकच आकडा महत्त्वाचा. तो तीन गोष्टींतून बनतो, प्रत्येक प्लेनची स्वतःची अचूकता, वाटेतल्या मटेरियलमुळे कणाला बसणारे धक्के, आणि प्लेन कुठे, किती अंतरावर ठेवलेत आणि ते तिथेच राहतात का. पिक्सेलचा आकार फक्त पहिल्या गोष्टीत येतो.

आधी तेवढंच बघू. पिक्सेल फक्त हो किंवा नाही सांगत असेल तर चूक साधारण पिच (एका पिक्सेलची रुंदी) भागिले वर्गमूळ बारा एवढी येते. लोकलमध्ये माणूस चौथ्या डब्यात आहे एवढंच कळलं आणि डब्यात कुठे उभाय ते कळलं नाही, तसं. ५५ मायक्रॉनला ही चूक १६ मायक्रॉन, १८.४ ला ५.३. पण खरे सेन्सर याच्यापेक्षा चांगले चालतात, कारण कण दोन पिक्सेलच्या हद्दीजवळून गेला की चार्ज दोघांत वाटला जातो आणि त्या वाटणीवरून जागा आणखी बारीक काढता येते. सर्नच्या ॲलिस प्रयोगाच्या नव्या ट्रॅकरमधला अल्पाइड चिप बघा, पिक्सेल साधारण २७ गुणिले २९ मायक्रॉनचा, हिशोबाने ८ यायला हवेत पण मिळतात ५. सर्नच्याच सीएमएस प्रयोगातल्या पिक्सेलची बारीक बाजू १०० मायक्रॉनची आहे, हिशोबाने २९, पण ३.८ टेस्लाच्या चुंबकक्षेत्रात चार्ज तिरका वाहतो, शेजारच्या पिक्सेलमध्ये सांडतो आणि त्या दिशेला १० मायक्रॉनच्या आसपास अचूकता मिळते.

तुमच्याकडे चुंबक नसणार, पण सेन्सर तिरपा ठेवता येतो! पिच भागिले जाडी याचा जो कोन येतो साधारण तेवढा. ३०० मायक्रॉन जाड सेन्सर आणि ५५ चा पिच असेल तर १० अंशांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ प्रत्येक कण दोन पिक्सेलमधून जातो. सर्नला टाइमपिक्स-३ चे जे टेलिस्कोप एसपीएस या त्वरकाच्या बीमवर वापरलेत त्यांत प्लेन असेच दोन्ही दिशांना ९ अंश तिरपे बसवलेले आहेत, प्रत्येक पिक्सेल किती चार्ज आला तेही सांगतो, आणि डीयूटीवरची एकूण चूक २ मायक्रॉनच्या आसपास येते.

आता दुसरा टेलिस्कोप बघा. हॅम्बुर्गच्या डेझी या प्रयोगशाळेत जे टेलिस्कोप वर्षानुवर्षं लोकांनी वापरलेत त्यांत मिमोसा-२६ सेन्सरचे सहा प्लेन, पिक्सेल १८.४ मायक्रॉनचा, सेन्सर फक्त ५० मायक्रॉन जाड, आणि तिथेही सगळं जवळजवळ बसवलं तर चूक २ मायक्रॉनच्या जरा आत येते. म्हणजे ५५ चा पिक्सेल आणि १८ चा पिक्सेल, दोघं एकाच आकड्यावर पोचले. असं का, हे ज्याला कळलं त्याला टेलिस्कोप कळला, म्हणून इथे जरा थांबते.

फरक बीमचा आहे. एसपीएसवर १२० ते १८० जीईव्हीचे (जीईव्ही हे कणाच्या ऊर्जेचं एकक) पायॉन असतात, डेझीला १ ते ६ जीईव्हीचे इलेक्ट्रॉन. कण मटेरियलमधून जाताना अणुकेंद्रांच्या विद्युतक्षेत्रामुळे त्याला छोटे छोटे धक्के बसतात आणि तो किंचित वळतो. किती वळतो ते दोनच गोष्टींवर, संवेग जितका कमी तितकं वळण जास्त, आणि मटेरियल जितकं जाड तितकं जास्त, पण वर्गमुळाच्या प्रमाणात. जाडी मोजायची ती रेडिएशन लेंथमध्ये, ही प्रत्येक पदार्थाची ठरलेली लांबी असते, ती जितकी कमी तितका तो पदार्थ कणाला जास्त वळवतो, सिलिकॉनची ९.३७ सेंटीमीटर. या वळणाचं हायलँडचं सूत्र लावलं तर ३०० मायक्रॉन सिलिकॉनमध्ये ५ जीईव्हीचा इलेक्ट्रॉन साधारण ०.१२ मिलिरेडियन वळतो, म्हणजे १० सेंटीमीटर पुढच्या प्लेनवर तो १२ मायक्रॉन बाजूला गेलेला असतो. १२० जीईव्हीला तेच सिलिकॉन, तेच अंतर, आणि सरकणं फक्त अर्धा मायक्रॉन.

आणि हायब्रिड पिक्सेल म्हणजे नुसता सेन्सर नसतो, त्याच्या मागे बंप लावून चिकटवलेला रीडआउट चिप असतो, पातळ केलेला नसेल तर तो ७०० मायक्रॉनचा वगैरे. दोन्ही मिळून १ मिलिमीटर सिलिकॉन धरा. ५ जीईव्हीला १० सेंटीमीटरवर २३ मायक्रॉन! ५५ च्या पिक्सेलची सगळ्यात वाईट अचूकताही १६ होती. म्हणजे तिथे तुम्ही पिक्सेल ५५ चा घेतला काय आणि १० चा घेतला काय, चूक धक्क्यांचीच राहणार. उलट १२० जीईव्हीला तोच १ मिलिमीटर फक्त १ मायक्रॉनने सरकवतो, म्हणून तिथे जाड हायब्रिड प्लेन बिनधास्त चालतात.

डेझीवाल्यांनी हे ओळखूनच सेन्सर ५० मायक्रॉनपर्यंत पातळ केले आणि प्लेन २० मिलिमीटरवर आणता येतील अशी रचना केली. ५० मायक्रॉनला ५ जीईव्हीचा इलेक्ट्रॉन ४५ मायक्रोरेडियन वळतो, २० मिलिमीटरवर ते १ मायक्रॉनच्याही आत. बारीक पिक्सेलचा फायदा दिसतो तो इथे, पातळपणा आणि जवळीक दोन्ही साधल्यावर.

एक गोष्ट नवीन ग्रुपच्या जवळजवळ प्रत्येक डिझाइनमध्ये राहून गेलेली दिसते, म्हणून मुद्दाम लिहिते. सेन्सरच्या मागचा पीसीबी. सगळे सिलिकॉनच्या जाडीवर भांडतात आणि मग तो सेन्सर साध्या १.६ मिलिमीटरच्या बोर्डवर चिकटवतात. तो बोर्ड रेडिएशन लेंथच्या ०.८ टक्के होतो, म्हणजे पाऊण मिलिमीटर सिलिकॉन. वर चार लेयरचं तांबं सलग पसरलेलं असेल तर ३५ मायक्रॉनच्या चार थरांचा आणखी जवळपास १ टक्का, कारण तांब्याची रेडिएशन लेंथ फक्त १.४३ सेंटीमीटर आहे. ५० मायक्रॉनचा सेन्सर ०.०५ टक्के, त्याच्यामागे बोर्ड पावणेदोन टक्के, मग पातळ सेन्सरला पैसे कशाला घातले? सेन्सरच्या बरोबर मागे बोर्डला खिडकी कापून घ्या, सेन्सर कडेने चिकटवा, आणि लेआउट करणाऱ्याला पहिल्याच मीटिंगमध्ये सांगा, कारण नंतर खिडकीच्या जागी कपॅसिटर आणि ट्रॅक आलेले असतात आणि कोणी हलवायला तयार नसतं. प्रकाश अडवायला खिडकीवर काळी पातळ फॉइल पुरते, पण लावायची विसरू नका, सिलिकॉनला ट्यूबलाइटही दिसते.

हवासुद्धा मोजा. हवेची रेडिएशन लेंथ साधारण ३०० मीटर आहे, म्हणजे १ मीटर हवा आणि ३०० मायक्रॉन सिलिकॉन जवळपास सारखंच. कमी ऊर्जेच्या बीमवर टेलिस्कोप लांबच लांब पसरवून काही हाती लागत नाही.

आता पेलेट्रॉनचं. टीआयएफआरच्या आवारात बीएआरसी-टीआयएफआरचं १४ एमव्हीचं मशीन आहे आणि प्रोटॉन साधारण २० एमईव्हीचा (१००० एमईव्ही म्हणजे १ जीईव्ही) धरला तर ३०० मायक्रॉनच्या एका प्लेनमध्ये तो १५ मिलिरेडियन वळतो. १० सेंटीमीटर पुढे दीड मिलिमीटर! म्हणजे पहिल्या प्लेननंतर ट्रॅक उरतच नाही, ट्रॅकिंग टेलिस्कोप तिथे चालणार नाही, कितीही बारीक पिक्सेल घ्या. शिवाय तो प्रोटॉन दर मायक्रॉनला मिपच्या, म्हणजे कमीत कमी ऊर्जा सोडणाऱ्या वेगवान कणाच्या, दहापटीहून जास्त ऊर्जा सोडतो, त्यामुळे तुमचा सेन्सर एरवीच्या कणाला कसा वागेल तेही तिथून थेट कळत नाही. पण म्हणून पेलेट्रॉन सोडू नका. रेडिएशन डॅमेज करून बघायला, मोठ्या सिग्नलला इलेक्ट्रॉनिक्स कसं सावरतं ते बघायला, चालू बीमसमोर डीएक्यू (डेटा गोळा करणारी यंत्रणा) टिकतं का हे तपासायला ते उत्तम आहे. फक्त त्या डेटामधून रिझोल्यूशन (जागेची अचूकता) काढू नका.

मग टेलिस्कोप बांधायचाच का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण मी विचारते. डेझीच्या बीमलाइनवर टेलिस्कोप तिथलाच असतो, आता तर अल्पाइडवर आधारलेला अ‍ॅडेनियमही आहे, तुम्ही फक्त आपला सेन्सर आणि रीडआउट घेऊन जायचं. सर्नलाही बहुतेक वेळा तशी सोय होते. तुमचा हेतू फक्त डीयूटीचं रिझोल्यूशन आणि एफिशियन्सी (आलेल्या कणांपैकी किती पकडले ते) मोजणं असेल तर तोच रस्ता धरा आणि पैसे डीयूटीच्या रीडआउट बोर्डवर घाला. पण ग्रुपमधल्या मुलांना ट्रॅकिंग, अलाइनमेंट (प्लेनची नेमकी जागा काढणं), ट्रिगर (कण आला, आता वाच, हा इशारा) हे सगळं हाताने शिकायचं असेल, आणि मला वाटतं ते फार मोलाचं आहे, तर छोटा टेलिस्कोप नक्की बांधा. इथे हे होत नाही असंही नाही. सीएमएसच्या प्रीशॉवर डिटेक्टरसाठी हजारेक सिलिकॉन स्ट्रिप सेन्सर बीएआरसीने बेंगळुरूच्या बीईएलबरोबर बनवले, जपानमधल्या बेल-टू प्रयोगाच्या स्ट्रिप डिटेक्टरच्या चौथ्या लेयरचे लॅडर (सेन्सर बसवलेल्या पट्ट्या) टीआयएफआरच्या टीमने जोडले. वायर बाँडिंग, क्लीनरूम, प्रोब स्टेशन हाताळलेली माणसं मुंबईतच आहेत, त्यांना जाऊन भेटा.

बांधायचा ठरला तर प्लेन किती? दोन प्लेनमधून रेष कायम जाते, त्यामुळे ती बरोबर आहे का ते कळत नाही. तिसरा ते सांगतो, पण मग एखादा प्लेन कण चुकला की ट्रॅकच गेला. माझ्या मते किमान चार, दोन डीयूटीच्या आधी, दोन नंतर. सहा असतील तर आधी तीन आणि नंतर तीन असे दोन स्वतंत्र ट्रॅक काढता येतात आणि ते डीयूटीवर जुळतात का बघता येतं, त्यात कण डीयूटीमध्ये किती वळला तेही मिळतं. जास्त ऊर्जेला प्लेन वाढवले की चूक वर्गमुळाच्या हिशोबाने उतरते, चार प्लेन ५ मायक्रॉनचे, दोन्ही बाजूंना सारखे ठेवले, तर मध्यावर अडीच. कमी ऊर्जेला मात्र बाहेरचे प्लेन फारसं सांगत नाहीत, डीयूटीच्या लगतचे दोनच काय ते ठरवतात, म्हणून ते दोन जितके जवळ आणता येतील तितके आणा आणि फिट साध्या सरळ रेषेचा न करता जनरल ब्रोकन लाइन्सचा करा, तो प्रत्येक प्लेनवर वळण धरून चालतो. तुम्ही अल्पाइडसारखा पातळ मोनोलिथिक (सेन्सर आणि रीडआउट एकाच चिपमध्ये असलेला) सेन्सर घेणार असाल तर चारने सुरुवात करा आणि रेलवर आणखी दोघांची जागा ठेवा.

वेळेचाही हिशोब करा, तो पिक्सेलच्या जाहिरातीत येत नाही. मिमोसा-२६ एक फ्रेम ११५ मायक्रोसेकंदात वाचतो, तेवढ्यात बीम जोरात असेल तर चार-पाच कण जाऊन बसतात आणि त्यातला तुमच्या डीयूटीने पाहिलेला कुठला हे कळत नाही. मग एफिशियन्सी खोटीच कमी दिसते. म्हणून त्या टेलिस्कोपच्या शेवटी २५ नॅनोसेकंदात वाचणारा एफई-आय४ चिपचा एक प्लेन लावायची पद्धत पडली, त्याचे पिक्सेल मोठे असतात पण ट्रॅक वेळेवर होता का ते तो सांगतो. सिंटिलेटरचं (कण गेला की चमकणाऱ्या तुकड्यांचं) कोइन्सिडन्स, म्हणजे एकाच वेळी आलेले सिग्नल, फक्त ट्रिगर देतं, फ्रेममधला कुठला ट्रॅक ते देत नाही.

अलाइनमेंटवर तर वेगळं लिहायला हवं पण थोडं सांगते. ३ मायक्रॉन अचूकतेचा सेन्सर रेलवर कोणी ३ मायक्रॉनमध्ये बसवत नाही, ते डेटामधूनच काढायचं. पहिला प्लॉट कायम कोरिलेशनचा, एका प्लेनचा एक्स विरुद्ध दुसऱ्याचा एक्स, तिरपी रेघ दिसली पाहिजे. रेघ उलटी उतरत असेल तर बोर्ड पालथा बसलाय. रेघच नसेल तर ट्रिगर जुळलेला नाही, आणि अशा वेळी अलाइनमेंटचं सॉफ्टवेअर चालवून उपयोग नाही. रेघ मिळाली की आधी सरकणं, मग फिरणं, १ मिलिरेडियन फिरलेला सेन्सर १० मिलिमीटरच्या टोकाला १० मायक्रॉन चुकतो. मग मिलिपीड हे सॉफ्टवेअर वापरा किंवा कॉरिव्रेकन सॉफ्टवेअरमधलं अलाइनमेंट, दोन्ही चालतं. फक्त एक ध्यानात असू द्या, समांतर बीममध्ये प्लेनचं बीमच्या दिशेतलं अंतर डेटामधून नीट निघत नाही, ते पट्टीने नीट मोजून लिहून ठेवा.

अलाइनमेंट हलतंही. ॲल्युमिनियमचा १० सेंटीमीटरचा खांब १ अंश तापला की सव्वादोन मायक्रॉन वाढतो. लॅबचा एसी चालू-बंद होताना दोन अंश सहज इकडेतिकडे होतात, म्हणून प्रत्येक रनबरोबर तापमान नोंदवा आणि लांब रन असेल तर अलाइनमेंट तुकड्यातुकड्यात करा.

आणि मुंबईत बांधताय म्हणून दवाचं. रीडआउट चिप तापतात, म्हणून लोक चिलर लावतात, रेडिएशन खाल्लेला सेन्सर असेल तर शून्याच्या बराच खाली न्यावा लागतो कारण लीकेज करंट दर ७ अंशांना दुप्पट होतो. पावसाळ्यात बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५ च्या आसपास असतो. एसीत २२ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता धरली तरी दवबिंदू १२-१३ अंश. म्हणजे चिलर १० वर ठेवला की कोल्ड प्लेटवर पाणी धरणार, ते घरंगळत बाँड वायरपर्यंत जाणार आणि बायस (सेन्सरला द्यायचं व्होल्टेज) लावलेला असेल तर वायर गंज चढून संपते. सगळा टेलिस्कोप एका बंद डब्यात, आत कोरडी हवा किंवा नायट्रोजन, आत आर्द्रतेचा सेन्सर आणि तो चिलरच्या इंटरलॉकला जोडलेला, हे सुरुवातीलाच करा. आणि बंद करताना आधी चिलर, मग सगळं खोलीच्या तापमानाला आलं की डबा उघडायचा. लोक घाईत थंड डबा उघडतात आणि तेव्हाच नुकसान होतं.

बीम मिळेपर्यंत टेबलावर काय करायचं? लोह-५५ चा सोर्स घ्या, त्याचा ५.९ केईव्हीचा फोटॉन सिलिकॉनमध्ये साधारण १६४० इलेक्ट्रॉन देतो आणि तोही एकाच जागी, त्यावर थ्रेशोल्ड (पिक्सेल हो म्हणायला लागणारा किमान चार्ज) इलेक्ट्रॉनमध्ये बसवता येतो. हायब्रिड चिपचा थ्रेशोल्ड हजारच्या वर असेल तर हा सिग्नल काठावर येतो, अल्पाइडसारख्याला शंभरेक इलेक्ट्रॉनचा थ्रेशोल्ड लागतो म्हणून आरामात दिसतो. तुलनेला, ३०० मायक्रॉनमध्ये मिपचे बावीस-चोवीस हजार इलेक्ट्रॉन. स्ट्रॉन्शियम-९० ने चार्ज आणि ट्रिगरची वेळ जुळवता येते, ट्रॅक नाही, त्याचे इलेक्ट्रॉन जास्तीत जास्त २.३ एमईव्हीचे, पहिल्याच प्लेनला भरकटतात. खरे सरळ ट्रॅक हवे असतील तर कॉस्मिक म्युऑन, पण समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला एक, आणि अल्पाइडएवढे दोन प्लेन १० सेंटीमीटरवर ठेवले तर दोन्हीतून जाणारे तासाला हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. आठवडाभर चालू ठेवलं तर अलाइनमेंटचं सॉफ्टवेअर तपासायला पुरतं, आणि एवढे दिवस सलग डीएक्यू टिकतं का तेही कळतं.

शेवटी रिझोल्यूशन काढताना डीयूटीला फिटमध्ये घेऊ नका, नाहीतर ट्रॅक त्याच्याकडे ओढला जातो आणि आकडा उगाच सुंदर येतो. डीयूटीचं रेसिड्युअल (ट्रॅकने सांगितलेली आणि डीयूटीने दाखवलेली जागा यांतला फरक) ८ मायक्रॉन आलं आणि टेलिस्कोपची चूक ५ असेल तर वर्गांची वजाबाकी करून डीयूटी ६.२. पण टेलिस्कोपचीच चूक ७.५ असेल तर उत्तर २.८ येईल आणि त्यावर कोणी विश्वास ठेवू नये, कारण ७.५ मध्ये अर्ध्या मायक्रॉनची गडबड झाली तरी २.८ चा शून्य होतो. तुमच्या डीयूटीची अपेक्षित अचूकता जेवढी, टेलिस्कोपची चूक जास्तीत जास्त तिच्या निम्मी असली पाहिजे. मग तिथून उलटं या, बीम कुठला, अंतर किती, मटेरियल किती, आणि त्यात बसेल तो पिक्सेल.

तुमच्या डीयूटीची जाडी, तिच्या बोर्डला खिडकी आहे का, आणि कुठल्या बीमवर जायचा विचार आहे, एवढं लिहिलंत तर ऑलपिक्स स्क्वेअर्ड या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये चार प्लेनची भूमिती कशी मांडायची ते पुढच्या उत्तरात दाखवते.